ट्रेलरचे पाय आणि रात्रीची वीज

आमचं चँडलर हे गाव एका पशुवैद्याने वसवलं. डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर १८८७ साली अ‍ॅरिझोनात जनावरांचे डॉक्टर म्हणून आले, पुढे कालव्याच्या पाण्याखालच्या जमिनी घेतल्या आणि १९१२ मध्ये त्यांचे प्लॉट पाडून विकले. त्यांच्याच नावाची बाग गावाच्या मध्यावर आहे, आणि मार्च महिन्यात त्याच जुन्या गावठाणात बार्बेक्यूचा मोठा उत्सव भरत आला आहे. जनावरांच्या डॉक्टरच्या अंगणात मांस भाजण्याचा सोहळा, यावर आमच्या मंडळात विनोद करून झाले आहेत. आता कामाचं बोलू.

गेली काही वर्षं मी बार्बेक्यूच्या स्पर्धांना जातो, पण आचारी म्हणून नाही. माझा अमेरिकन शेजारी आणि त्याचे दोन मित्र यांची टीम आहे. त्यांनी सोळा फुटी बंद ट्रेलर घेतला, तेव्हा मी पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून त्याच्या वायरिंगला हात लावला आणि तिथेच अडकलो. ब्रिस्केट म्हणजे गोमांस. ते मी खात नाही, हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं आणि त्यांनीही ते मनापासून मान्य केलं. माझ्याकडे दोन खाती आहेत : ट्रेलर जागेवर स्थिर उभा करणं, आणि रात्रभर वीज चालू ठेवणं. सांगलीला बाबांना फोनवर हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, म्हणजे एवढा शिकून तिकडे जाऊन तू मांडववाला झालास!" एका अर्थी खरं आहे.

हा लेख लिहिण्याचं कारण वेगळं आहे. हाच ट्रेलर आता आमच्या गणेशोत्सवात वडापावच्या स्टॉलला येतो. इतर गावांतल्या मंडळांचे फोनही येऊ लागले आहेत : जनरेटर कोणता घ्यावा, जॅक कुठे लावावेत, एवढी वीज पुरेल का? त्या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं असं वाटलं.

स्पर्धेची रात्र

आधी ही स्पर्धा काय असते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे विजेचा आग्रह का ते कळेल. अमेरिकेत बऱ्याच स्पर्धा कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या, म्हणजे केसीबीएसच्या, नियमांनी होतात. चार प्रकार द्यावे लागतात : कोंबडी, बरगड्या, पोर्क आणि ब्रिस्केट. पहिला दुपारी बारा वाजता, मग अर्ध्या अर्ध्या तासाने पुढचे, शेवटचा दीड वाजता. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी ते पाच मिनिटं नंतर एवढीच मुदत. त्यानंतर आलेला डबा घेतला जात नाही. सहा परीक्षक रूप, चव आणि मऊपणा यांना दोन ते नऊ असे गुण देतात आणि सर्वांत कमी गुण देणाऱ्याचे गुण वगळले जातात.

आच फक्त लाकडाची, लाकडाच्या गोळ्यांची किंवा कोळशाची. गॅसवर किंवा विजेच्या शेगडीवर शिजवायला बंदी आहे. मग वीज कशाला? कारण आचेला हवा देणारा छोटा पंखा, गोळ्या पुढे ढकलणारा स्क्रू आणि तापमान पाहून त्या दोघांना हुकूम देणारी पेटी हे सगळं विजेवर चालतं, आणि त्याला नियमांची परवानगी आहे. ब्रिस्केट दहा-बारा तास मंद आचेवर असतं. म्हणजे ते आदल्या रात्री चढवायचं, आणि माणसं पेंगत असताना यंत्राने राखण करायची. रात्री दोनला वीज गेली आणि पहाटे पाचला कळलं, तर तीन तास आच उतरलेली असते. मग दीडचा डबा विसरायचा. शिवाय ते मांस खाण्याजोगं राहिलं का, हा त्याहून मोठा प्रश्न उभा राहतो.

लाकडाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. अ‍ॅरिझोनात सर्रास वापरतात ते मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण. महाराष्ट्रात जिला लोक वैतागून तोडतात, तिच्या बहिणीच्या ओंडक्यांची इथे पिशव्यांत भरून विक्री होते. तिचा धूर उग्र, म्हणून लांबच्या शिजवणीला आमची टीम पिकन वापरते. वांग्याच्या भरिताला मात्र मेस्कीटसारखं दुसरं लाकूड नाही, हे मी खात्रीने सांगतो.

उलाळ आणि धुराळ

आता पायांकडे येऊ. बैलगाडी भरताना मागे ओझं जास्त झालं तर जू वर उचललं जातं. अशा गाडीला आपल्याकडे उलाळ म्हणतात. पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर भार येतो, ती धुराळ. माझ्या आजोबांना हे शब्द तोंडपाठ होते, आणि ट्रेलरचं अर्धं शास्त्र या दोन शब्दांत आहे.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन पुढच्या दांडीवर, म्हणजे गाडीच्या हुकावर, यायला हवं. आमचा ट्रेलर भरल्यावर सुमारे ५,६०० पौंड भरतो, म्हणजे दांडीवर ५६० ते ८४० पौंड. त्याहून कमी झालं, ट्रेलर उलाळ झाला, की हायवेवर तो शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे झुलू लागतो, आणि असा झोल एकदा वाढला की आवरणं कठीण. धुराळ झाला तर गाडीचं नाक वर येतं, पुढच्या चाकांची पकड सुटते आणि ब्रेकही नीट लागत नाहीत. म्हणून अंदाजावर जाऊ नये. ट्रकवाल्यांच्या थांब्यावर वजनकाटा असतो, तिथे थोडक्या डॉलरांत चिठ्ठी मिळते. सगळं सामान, पाणी, कोळसा भरून वजन करावं, रिकाम्या ट्रेलरचं नव्हे.

स्पर्धेच्या जागी हाच उलाळपणा वेगळ्या रूपात येतो. गाडी सोडली की ट्रेलर चाकांवर आणि पुढच्या एका जॅकवर उभा असतो. स्मोकर मागच्या ओट्यावर, चाकांच्या बऱ्याच मागे. आमचा एकटा स्मोकर सातशे पौंडांचा आहे. त्यात तिघे दणकट गडी एकदम मागे उभे राहिले, तर ट्रेलरचं तोंड वर उचललं जाऊ शकतं. एका स्पर्धेत आमच्या पलीकडच्या टीमचं असंच झालं. दांडी हवेत गेली, मागची कड जमिनीला टेकली आणि पेटलेल्या भट्टीतले निखारे गवतावर आले. कुणाला लागलं नाही, कारण ती माणसं योगायोगाने बाजूला होती. त्या दिवसापासून आमच्याकडे ठरलंय की मागचे दोन पाय टेकल्याशिवाय स्मोकरला कुणी हात लावायचा नाही.

बैलगाडी सोडून उभी करताना जिच्यावर ती तोलून धरतात त्या लाकडी टेकूला आमच्या भागात शिपाई म्हणतात. ट्रेलरचे जॅक म्हणजे असे चार शिपाई. त्यांचं काम राखणीचं आहे, ओझं उचलण्याचं नाही. कात्रीसारख्या उघडणाऱ्या जॅकवर पाच हजार पौंड असा आकडा छापलेला असतो, म्हणून लोक त्यांनीच ट्रेलर उचलून समपातळीत आणायला जातात. मग सांगाडा पिळवटतो. दार नीट बंद होईनासं झालं की समजावं, पीळ पडला आहे. क्रम असा ठेवावा :

आधी डावी-उजवी बाजू. गाडी जोडलेली असतानाच, खालच्या बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून ट्रेलर त्यांवर चढवायचा आणि पाणसळ लावून बघायचं.

मग चाकांना दोन्हीकडून अडसर. अडसर न घालता गाडी सोडू नये, जमीन कितीही सपाट दिसो.

मग मागचे पाय नुसते टेकवून ठेवायचे, गाडी सोडायची आणि पुढच्या जॅकने पुढचं-मागचं समतल करायचं. पुढची बाजू खाली घ्यायची असेल तर मागचे पाय आधी थोडे सैल करावेत आणि नंतर पुन्हा टेकवावेत.

शेवटी चारही कोपऱ्यांचे पाय, समोरासमोरचे तिरपे जोडीने, ट्रेलर हलायचा थांबेल इतकेच घट्ट.

निघताना हाच क्रम उलटा, आणि गाडीत बसण्यापूर्वी एकाने चारही पाय वर गेले का ते हाताने चाचपून पाहायचं. जॅक सांगाड्याच्या लोखंडी तुळईलाच बोल्टने बसवावेत. पत्र्याला किंवा प्लायवूडच्या तळाला लावलेला जॅक पहिल्याच खड्ड्यात सुटतो.

पायाखाली काय आहे, हेही पाहावं लागतं. चँडलरच्या बागांमध्ये गवताला रोज पाणी असतं. वरून हिरवंगार आणि कोरडं दिसतं, पण आत माती मऊ. उन्हाळ्यात डांबरी पार्किंग त्याहून वाईट. हवा ४३ अंश सेल्सिअस असताना डांबराचा पृष्ठभाग सत्तरच्या वर जातो आणि जॅकचा छोटा पाय त्यात हळूहळू रुततो. दीड-दोन इंच जाड, फूटभर लांबी-रुंदीच्या लाकडी फळ्या प्रत्येक पायाखाली घालाव्यात. दोन-तीन तासांनी पाणसळ पुन्हा बघावं. स्मोकर तिरका झाला की चरबी निचऱ्याच्या भोकाऐवजी कोपऱ्यात साचते, आणि साचलेली चरबी पेटते. उकळत्या तेलाच्या कढईला हाच नियम जास्तच लागू आहे.

विजेचा हिशेब

महाराष्ट्रात भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी घरी इन्व्हर्टर बसवला, त्यांना हा हिशेब नवा नाही. इन्व्हर्टरवाला पहिला प्रश्न विचारायचा : काय काय चालवायचंय, किती वेळ? इथेही जनरेटर घेण्याआधी कागद घ्यावा.

आमच्या एका रात्रीचा, बारा तासांचा, हिशेब असा. छोटा बॅटरीवरचा फ्रीज ३०० वॅट-तास. दोन कोळशाच्या स्मोकरचे पंखे आणि त्यांच्या पेट्या २४०. गोळ्यांचा स्मोकर पेटताना पाच मिनिटं ३०० वॅट खातो, नंतर सरासरी ५०, म्हणजे एकूण ६२५. दिवे १२०, छताचा पंखा २००, फोन आणि थर्मामीटर ६०. बेरीज १,५४५. इन्व्हर्टरमध्ये जाणारा भाग धरून साडेसतराशे म्हणू. आमच्याकडे १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आहेत, प्रत्येकी १,२८० वॅट-तासांच्या. रात्र निघते आणि आठशे उरतात.

पण याच बॅटऱ्यांवर छतावरचा १,४०० वॅटचा एसी लावला, तर पावणेदोन तासांतच सगळं संपेल. म्हणून आमचा नियम असा की स्वयंपाकाची वीज बॅटरीवर, माणसांच्या सुखाची वीज जनरेटरवर किंवा आयोजकांच्या खांबावर. दोन्ही वायरिंग वेगवेगळी. एसीने फ्यूज उडवला तरी पंख्यांना पत्ता लागत नाही.

याचा प्रत्यय एकदा डोंगराळ भागातल्या एका स्पर्धेत आला. आयोजकांनी प्रत्येक टीमला खांबावरून वीज दिली होती. रात्री थंडी वाढली, सगळ्यांनी ट्रेलरमध्ये हीटर लावले आणि अडीचच्या सुमाराला अख्ख्या रांगेचा ब्रेकर पडला. शांततेच्या वेळेचा नियम असल्याने जनरेटर लावायचे की नाही यावर लोक टॉर्च घेऊन वाद घालत होते. आमच्याकडे फक्त हीटर बंद झाला. पंखे चालू, आच २५० फॅरनहाइटवर. शेजारी कूस बदलून पुन्हा झोपला. तिन्ही बाजूंच्या टीमना मी एक-एक वायर दिली, कारण पंख्याला लागतात जेमतेम दहा वॅट. स्पर्धेत आमचा नंबर आला नाही, पण त्या तिघांपैकी एकाचा आला, आणि त्याने दिलेलं कोळशाचं पोतं आम्ही पुढे दोन महिने वापरलं.

जनरेटर इन्व्हर्टर जातीचाच घ्यावा. तो आवाज कमी करतो आणि तापमानाच्या पेट्यांना साफ वीज देतो. २,२०० वॅट असं लिहिलेला जनरेटर सतत १,८०० वॅट देतो, ही गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात असते. असे दोन जोडता येतात. ३,६०० वॅट म्हणजे १२० व्होल्टवर बरोबर ३० अँपिअर, ट्रेलरच्या मोठ्या प्लगला पुरेल इतके.

उंचीचा हिशेब अनेकांना माहीत नसतो. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के. चँडलर बाराशे फुटांवर, तिथे फरक किरकोळ. फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांच्या आसपास, तिथे पाव हिस्सा ताकद जाते. १,८०० चे साडेतेराशे उरतात आणि एसी उचलत नाही. सुदैवाने फ्लॅगस्टाफला एसी कुणाला हवाय! पण तिथल्या थंडीत दुसरी काळजी असते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली असताना चार्ज करू नये, ती कायमची बिघडते. आणि आमच्या खोऱ्यातली उष्णता तिचं आयुष्य कमी करते. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला होता. बॅटऱ्या बंद ट्रेलरमध्ये ठेवून महिनाभर भारतात जाऊ नये. आम्ही त्या काढून घरात ठेवतो.

वायर स्वस्तातली घेऊ नये. शंभर फुटी, १६ गेजच्या बारीक एक्स्टेंशनवर १२ अँपिअर घेतले तर साडेनऊ व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर तापते. तेच १० गेजच्या जाड वायरवर अडीच व्होल्टसुद्धा जात नाहीत. खांबाची वीज आणि जनरेटर यांच्यामध्ये अदलाबदलीचा स्विच हवा, असा की एक पूर्ण सुटल्याशिवाय दुसरा जोडलाच जाणार नाही. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं. मीही स्वतःचं काम दुसऱ्या डोळ्यांनी तपासून घेतलं.

ज्याला वास नाही

आता सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे थंडीत खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशी बातमी दर हिवाळ्यात कुठून तरी येते. तोच कार्बन मोनॉक्साइड जनरेटरच्या धुरात असतो आणि धुमसत्या कोळशातही. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. रात्रभर जागलेल्या माणसाला तो थकवाच वाटतो.

म्हणून जनरेटर ट्रेलरपासून किमान वीस फूट दूर, धुराचं तोंड माणसांच्या उलट दिशेला, वाऱ्याची दिशा बदलली की तोही बदलायचा. जळता किंवा विझत आलेला कोळसा ट्रेलरच्या आत कधीच ठेवायचा नाही. झोपायच्या जागी बॅटरीवरचा अलार्म, आणि निघण्याआधी त्याचं बटण दाबून खात्री. पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच भरायचं, आणि कॅन ट्रेलरमध्ये ठेवायचा नाही.

मंडळांच्या कार्यक्रमांत मला सर्वाधिक धास्ती याचीच वाटते. जनरेटरचा आवाज प्रेक्षकांना नको म्हणून तो स्टेजच्या मागे ढकलला जातो, आणि तिथेच लहान मुलं नाचाचे कपडे घालून रांगेत उभी असतात. गेल्या गणेशोत्सवात मी तो उचलून मैदानाच्या कडेला नेला. पन्नास फूट जाड वायर लागली. कुरकुर झाली, पण कार्यकारिणीने आता तो नियमच करून टाकला आहे.

वडापावचं गणित

स्पर्धेचा ट्रेलर वड्यांना येतो तेव्हा हिशेब बदलतो. तळण प्रोपेनवर, ट्रेलरच्या बाहेर. तेलाच्या आगीसाठी के वर्गाचं अग्निशामक हवं, कारण पेटत्या तेलावर साधं कामाला येत नाही आणि पाणी तर मुळीच मारायचं नाही. चहाचं भांडं १,५०० वॅट आणि भाताचा कुकर १,४०० वॅट हे एका जनरेटरवर एकाच वेळी चालणार नाहीत. कुणाची पाळी कधी, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवावं, कारण गर्दीत प्रत्येकाला चहाच आधी हवा असतो.

जेवण विकायचं तर मॅरिकोपा काउंटीच्या पर्यावरण विभागाचा तात्पुरता परवाना लागतो. गरम पदार्थ १३५ फॅरनहाइटच्या वर, थंड ४१ च्या खाली. सप्टेंबरात इथे पारा शंभरीच्या आसपास असतो, तेव्हा श्रीखंड आणि ओल्या खोबऱ्याची चटणी यांचा जीव फ्रीजच्या विजेवर टांगलेला असतो. फ्रीजमध्ये वीस डॉलरचा थर्मामीटर ठेवावा आणि दर तासाला आकडा लिहावा. "काही होत नाही, आपण काय लहानपणी खाल्लं नाही का," असं म्हणणारे काका प्रत्येक मंडळात असतात. त्यांना आदराने चहा द्यावा आणि चटणी टाकून द्यावी.

पावसाळ्यातली एक रात्र

या साऱ्या खटाटोपाचा खरा उपयोग स्पर्धेबाहेरच झाला. आमच्याकडे १५ जूनपासून मान्सून धरतात. पाऊस थोडा, धुळीचं वादळ मोठं. जुलैतल्या एका संध्याकाळी असंच वादळ आलं आणि आमच्या गल्लीची वीज गेली. दुसऱ्या दिवशी फ्लॅगस्टाफला निघायचं म्हणून ट्रेलर शेजाऱ्याच्या दारात भरून उभा होता. समोरच्या घरी एका तमिळ कुटुंबातल्या आजी ऑक्सिजनच्या यंत्रावर होत्या. सिलिंडर होता, पण दोन-तीन तासांपुरता. माझ्या सासूबाईंचं इन्सुलिन आमच्या फ्रीजमध्ये, आणि घरातलं तापमान तासाला वाढत होतं.

यंत्राला साडेतीनशे वॅट लागतात. आमच्या बॅटऱ्यांवर ते सहा तास चालतं. ट्रेलर त्यांच्या दाराशी नेला, चाकांना अडसर घातले, पाय टेकवले, एक जाड वायर सरळ यंत्रापर्यंत नेली. जनरेटर रस्त्याच्या कडेला, वीस फुटांहून दूर, बॅटऱ्या भरत राहिला. इन्सुलिन ट्रेलरच्या फ्रीजमध्ये ब्रिस्केटच्या शेजारी बसलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, वेळेला सगळं पवित्र." वीज पहाटे चारला आली.

त्या रात्री एकाने सुचवलं की जनरेटर घराच्याच प्लगमध्ये उलटा लावू, म्हणजे सगळं घर उजळेल. ते कधीही करू नये. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून तारेवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव घेऊ शकते. उपकरणाला थेट वायर, एवढंच. आणि ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनी वीज कंपनीकडे त्याची नोंद करता येते का ते आजच विचारावं, शिवाय किती तासांचा सिलिंडर शिल्लक आहे ते शेजाऱ्यांना सांगून ठेवावं.

प्रत्येक मंडळाने ट्रेलर घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण दोन बॅटऱ्या, एक शांत जनरेटर, पन्नास फूट जाड वायर, चार फळ्या आणि एक अलार्म एवढं सामान मंडळाच्या मालकीचं असावं, आणि ते कुणाच्या गॅरेजमध्ये आहे हे सर्वांना ठाऊक असावं. वर्षातून दोनदा ते बाहेर काढून चालवून पाहावं. दसऱ्याला आपण शस्त्रांची पूजा करतोच. आमच्याकडे त्या दिवशी जनरेटरचं तेल बदलतो, जॅकना वंगण देतो, अलार्मचं बटण दाबतो आणि मग हळद-कुंकू वाहतो.